हाताने बनवलेल्या अकूस्टिक गिटारमधील खुणा, विसंगती आणि दोष : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकट्या कारागिराने किंवा लहान कार्यशाळेने बनवलेली गिटार पहिल्यांदा हाती आली की बहुतेकांना तिच्यात काहीतरी खटकते. रंग सगळीकडे सारखा नसतो, आत सरसाचा ओघळ दिसतो, एखादा सूर इतरांपेक्षा मोठा वाजतो. यांतील काही गोष्टी लाकडाच्या असतात, काही हाताच्या, काही हवामानाच्या, आणि काही खरोखरच दोष असतात. खालील उत्तरे हा फरक ओळखता यावा यासाठी लिहिली आहेत.

हाताने बनवलेली गिटार नेमकी कोणती? कारागीर यंत्रे वापरतच नाहीत का?

वापरतात. लाकूड कापायला बँडसॉ आणि फळ्या एका मापात आणायला सँडर जवळजवळ प्रत्येक कार्यशाळेत असतो, आणि त्यात कमीपणाचे काही नाही. निर्णय कोण घेतो, हा खरा फरक आहे. कारखान्यात टॉपची, म्हणजे पुढच्या फळीची, जाडी आराखड्यात आधीच ठरलेली असते आणि शेकडो फळ्या त्या मापात बसवल्या जातात. कारागीर मात्र समोरची फळी वाकवून, ठोकून, तिचा नाद ऐकून तिला किती पातळ करायचे ते ठरवतो. वर्षाला दहा-पंधराच गिटारी बनवणाऱ्याला हे परवडते.

टॉपचा डावा भाग उजळ आणि उजवा काळपट दिसतो. दोन वेगवेगळ्या झाडांचे लाकूड जोडले आहे का?

बहुधा नाही. गिटार हातात धरून दिव्याखाली उलट दिशेने फिरवून पाहा. आधी उजळ दिसणारा भाग आता काळपट दिसू लागला, तर दोन्ही भाग एकाच लाकडाचे आहेत असे समजावे. टॉप बनवताना एक जाड फळी मधोमध चिरून तिचे दोन भाग पुस्तकाच्या पानांसारखे उघडतात आणि मध्ये जोडतात. झाडाचा बुंधा वाढताना किंचित पिळलेला असेल, तर लाकडाचे तंतू फळीच्या पृष्ठभागाला समांतर न राहता तिरपे बाहेर येतात. फळी अशी उघडल्यावर एका भागातील तंतू वादकाकडे आणि दुसऱ्यातील त्याच्यापासून दूर झुकतात, म्हणून प्रकाश वेगवेगळा परावर्तित होतो. या तिरपेपणाला कारागीर ‘रनआउट’ म्हणतात.

थोडा रनआउट केवळ दिसण्याचा प्रश्न आहे. तो फार असेल तर मात्र फळी तेवढी बळकट राहत नाही आणि ब्रिजच्या, म्हणजे टॉपवर तारा जेथे अडकवतात त्या लाकडी ठोकळ्याच्या, सांध्यावर ताण आल्यास तेथील तंतू उचकटण्याची शक्यता वाढते. म्हणूनच जुन्या पद्धतीचे पुरवठादार टॉपसाठी लागणाऱ्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचा ओंडका करवतीने कापण्याऐवजी पाचरीने फोडतात, कारण फुटताना लाकूड स्वतःच्या तंतूंच्या दिशेने फुटते आणि पीळ लगेच लक्षात येतो.

टॉपवर उभ्या रेषांना छेदणाऱ्या चमकदार आडव्या छटा आहेत. हा पॉलिशचा डाग आहे का?

हा डाग नसून फळी उत्तम कापली गेल्याची खूण आहे. झाडाच्या गाभ्यापासून सालीकडे जाणारे किरण-तंतू फळी वाढीच्या वलयांशी अगदी काटकोनात कापली असेल तरच पृष्ठभागावर रेशमी चमक घेऊन दिसतात, आणि असे कापलेले लाकूड आडव्या दिशेनेही ताठ असते. अनुभवी खरेदीदार ही चमक मुद्दाम शोधतात.

रेषांवरून आडव्या गेलेल्या, नखाने ओरबाडल्यासारख्या लाटा ही वेगळी गोष्ट आहे. त्यांना गिटारवाल्यांच्या भाषेत ‘बेअर क्लॉ’ म्हणतात. असे स्प्रूस एके काळी पुष्कळ ठिकाणी बाजूला टाकले जात असे. आज त्याच लाकडासाठी जास्त पैसे मोजले जातात, आणि लाकूड मात्र तेच आहे. नादाच्या दृष्टीने ते चांगले की वाईट, हे त्या त्या फळीच्या ताठपणावर आणि वजनावर ठरते.

बाजूच्या शिसवीच्या रंगात फरक आहे आणि काळ्या फ्रेटबोर्डवर, म्हणजे फ्रेट नावाच्या धातूच्या आडव्या पट्ट्या बसवलेल्या, बोटांनी तारा दाबायच्या फळीवर, तपकिरी पट्टे आहेत. हलके लाकूड वापरले असेल का?

आपल्या पश्चिम घाटातील शिसव जगभरच्या गिटारींमध्ये वापरली जाते. ब्राझीलहून रोजवूडचे, म्हणजे तिकडच्या शिसवीचे, ओंडके मिळणे अवघड झाल्यावर अमेरिकेतील मार्टिन कंपनीने १९६९ साली आपल्या नेहमीच्या मॉडेलांसाठी भारतीय शिसव घेतली, आणि इतर कारखाने व कारागीरही त्याच वाटेने गेले. ब्राझिलियन रोजवूडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून कडक निर्बंध आहेत. शिसवीचा रंग एकाच झाडात जांभळट, चॉकलेटी आणि विटकरी असा बदलत जातो, क्वचित कडेला फिकट पट्टाही येतो. घरात जुने शिसवी कपाट असेल तर त्याचे दार आणि बाजू शेजारी ठेवून पाहावे, हाच फरक तेथेही दिसेल.

फ्रेटबोर्डला लागणाऱ्या एबनी या काळ्या लाकडाची गोष्ट जरा विस्ताराने सांगण्यासारखी आहे. फ्रेटबोर्ड पूर्ण काळाच हवा, हा आग्रह वादकांचा आणि व्यापाऱ्यांचा. एबनीचे झाड उभे असताना त्याचा गाभा काळा आहे की पट्ट्यांचा, हे बाहेरून कळत नाही, ते तोडल्यावरच समजते. अमेरिकेतील टेलर गिटार्स या कंपनीने स्पेनमधील एका लाकूड-व्यापारी कंपनीबरोबर २०११ साली कॅमेरूनची राजधानी याउंदे येथील एबनीची गिरणी विकत घेतली. तेव्हा कंपनीचे सहसंस्थापक बॉब टेलर यांना कळले की तोडलेल्या दहा झाडांपैकी साधारण एकाच झाडाचे लाकूड पूर्ण काळे निघते आणि उरलेली पट्ट्यांची झाडे किंमत येत नाही म्हणून जंगलातच सोडून दिली जातात. त्यानंतर कंपनीने पट्ट्यांची एबनी आपल्या गिटारींवर लावायला सुरुवात केली. पट्ट्यांमुळे लाकूड मऊ किंवा कमकुवत होत नाही. पूर्ण काळ्या फ्रेटबोर्डचा हट्ट आता सोडायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय काळा दिसणारा कित्येक फ्रेटबोर्ड रंग देऊन काळा केलेला असतो.

दुर्मीळ लाकूड नसेल तर नाद कमी प्रतीचा होतो ना?

बाजूच्या आणि मागच्या लाकडाबद्दल हा समज फार पक्का आहे, पण त्याला मिळालेला आधार तितका पक्का नाही. इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी रॉजर बकनॉल या कारागिराने ६ गिटारी बनवल्या होत्या. त्यांचा आराखडा एकच होता, फक्त मागचे व बाजूचे लाकूड वेगळे होते. त्यांत महागडे ब्राझिलियन रोजवूड होते आणि साधे महोगनी व अक्रोडही. ५२ वादकांनी अंधूक प्रकाशात, डोळ्यांवर काळे चष्मे लावून त्या वाजवल्या. नादासाठी त्यांनी दिलेले गुण सहाही गिटारींना जवळजवळ सारखेच होते.

याहून जुना दाखला स्पेनचा आहे. आजच्या क्लासिकल, म्हणजे नायलॉनच्या तारांच्या, गिटारचे रूप ज्याच्या हातून ठरले त्या अंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) याने १८६२ साली एका गिटारची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केल्या, टॉप तेवढा स्प्रूसचा ठेवला. नाद मुख्यतः टॉपमधून येतो, हे त्याला दाखवून द्यायचे होते असे सांगितले जाते. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. टेलर कंपनीनेही १९९५ साली माल वाहण्याच्या लाकडी पॅलेटपासून एक गिटार बनवली आणि खिळ्यांची भोके लपवण्याऐवजी त्यांत ॲल्युमिनियमच्या चकत्या बसवून ती उठून दिसतील अशी केली. तीत थोडी जाहिरात होती हे खरे, पण गिटार वाजत होती हेही खरे.

आत छोटा आरसा घालून पाहिले, तर सरसाचे ओघळ आणि पटाशीच्या खुणा दिसल्या. हा निष्काळजीपणा नाही का?

प्रमाण पाहून ठरवावे. आतल्या पट्ट्या, ज्यांना ब्रेसेस म्हणतात, त्या टॉपला चिकटवल्यानंतर कारागीर त्यांना रंध्याने आणि पटाशीने तासत जातो, मधूनमधून टॉप ठोकून ऐकतो आणि पुन्हा तासतो. त्या पट्ट्यांवरील लहान पैलू म्हणजे हे तासणे जेथे थांबले ती जागा. काचकागदाने ते गुळगुळीत करता येतात, पण अनेक कारागीर मुद्दाम करत नाहीत.

स्पॅनिश पद्धतीच्या गिटारीत आणखी एक गोष्ट दिसते. टॉप आणि बाजू यांच्या सांध्यावर लाकडाचे छोटे ठोकळे एकेक करून चिकटवलेले असतात. त्यांतील अंतर मोजले तर ते हमखास कमीजास्त निघेल. त्याने काहीही बिघडत नाही.

सरसाचा एखादा वाळलेला ओघळ क्षम्य आहे. सांध्यात फट असणे, पट्टीचे टोक टॉपपासून सुटलेले असणे किंवा फट लाकडाच्या भुशाने आणि सरसाने बुजवलेली असणे मात्र क्षम्य नाही.

टॉपची जाडी एका ठिकाणी २.४ मिलिमीटर तर दुसरीकडे २ मिलिमीटर भरली. माप चुकले आहे का?

जवळजवळ नेहमीच हे हेतुपुरस्सर केलेले असते. तारांचा ताण ब्रिजच्या भोवती सर्वांत जास्त असतो, म्हणून तेथे फळी जाड ठेवतात आणि कडेकडे ती पातळ करत नेतात, जेणेकरून टॉप कडेला मोकळेपणाने हलू शकेल. त्यात दोन स्प्रूस फळ्या एकाच झाडाच्या असल्या तरी त्यांचा ताठपणा आणि घनता वेगळी असते. एकच जाडी दोघींना दिली तर एक गिटार दबकी वाजेल आणि दुसरीचा टॉप काही वर्षांत ब्रिजमागे फुगेल. मिरजेच्या तंबोऱ्यात जसा भोपळा मिळेल त्यावर वाद्याचा घेर ठरतो आणि उरलेले काम त्याच्या अनुषंगाने होते, तसेच हे आहे.

याच कारणाने एकाच कारागिराच्या, एकाच मॉडेलच्या, एकाच महिन्यात झालेल्या दोन गिटारी सारख्या वाजत नाहीत. मित्राची गिटार आवडली म्हणून तशीच मागवणाऱ्याने हे आधीच लक्षात घ्यावे. शक्य असेल तर तयार असलेली गिटार प्रत्यक्ष वाजवून घेणे केव्हाही चांगले.

एखादा सूर फार मोठा वाजतो आणि लगेच विझतो. गिटार सदोष आहे का?

गिटारच्या पोकळीतील हवेची स्वतःची एक कंपनसंख्या असते, साधारण ९० ते ११० हर्ट्झच्या दरम्यान, आणि टॉपची मुख्य कंपनसंख्या साधारण १७० ते २२० हर्ट्झच्या दरम्यान येते. तारेवरचा सूर यांपैकी एखाद्या कंपनसंख्येच्या अगदी जवळ आला की टॉप तारेतील ऊर्जा भराभर ओढून घेतो. त्यामुळे तो सूर दणक्यात उठतो आणि शेजारच्या सुरांहून लवकर संपतो. अशा सुराला ‘वुल्फ नोट’ म्हणतात. जाड टॉपच्या स्वस्त गिटारीत तो फारसा जाणवत नाही, कारण तेथे कुठलाच सूर दणक्यात उठत नाही. हलक्या बांधणीच्या, चटकन प्रतिसाद देणाऱ्या गिटारीत तो असणारच. चांगला कारागीर टॉपची कंपनसंख्या दोन स्वरांच्या मध्ये कोठेतरी पडेल असा प्रयत्न करतो, म्हणजे त्रास दोन्ही स्वरांत विभागला जातो. एकच स्वर इतका मरत असेल की नेहमीची रचना वाजवता येत नाही, तर कारागिराला दाखवावे. पुष्कळदा आतली एखादी पट्टी किंचित तासून किंवा थोडे वजन वाढवून फरक पाडता येतो.

मी शास्त्रीय संगीत शिकतो. या गिटारवर गंधार चढा लागतो. फ्रेट चुकीच्या जागी बसवले आहेत का?

हा प्रश्न महाराष्ट्रात वारंवार येतो आणि तो विचारणाऱ्याचा कान चांगला असतो. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो षड्जापासून साधारण ३८६ सेंटवर असतो (सेंट म्हणजे गिटारवरच्या शेजारच्या दोन फ्रेटमधील स्वरांतराचा शंभरावा भाग). गिटारचे फ्रेट समान अंतराच्या बारा स्वरांवर बसवलेले असतात आणि त्यात शुद्ध गंधार ४०० सेंटवर येतो, म्हणजे सुमारे १४ सेंटने चढा. पंचम मात्र केवळ २ सेंटने उतरतो, म्हणून तो खटकत नाही. हा हिशोब प्रत्येक गिटारला लागू आहे, मग ती कोणीही बनवलेली असो.

कान समजूत घालून घेत नाही, म्हणून काही जण ई कॉर्ड गोड लागावा यासाठी तिसरी तार किंचित उतरवतात. मग तीच मोकळी तार सी किंवा जी कॉर्डमध्ये उतरलेली ऐकू येते आणि दोष पुन्हा गिटारच्या माथी जातो. एकाच स्वरात, मोजकेच कॉर्ड वाजवणाऱ्याने असे जरूर करावे, पण सगळ्या कॉर्डांत ते जमणार नाही.

तपासायचे असेल ते वेगळे आहे. तार दाबली की ती ताणली जाते आणि सूर किंचित चढतो. त्याची भरपाई म्हणून सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारा टेकतात ती पट्टी, थोडे मागे सरकवलेले असते, आणि स्टीलच्या तारांच्या गिटारीत ते तिरपेही असते. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा सूर आणि तेथेच दाबून निघणारा सूर ट्यूनरवर जुळवून पाहावा. नव्या तारांवर काही सेंटांचा फरक चालतो. सर्व तारा एकाच दिशेने १० सेंट किंवा त्याहून अधिक सरकत असतील, तर सॅडलची जागा चुकली आहे आणि ती दुरुस्त करून मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

पॉलिश इतके पातळ आहे की नखाचाही ओरखडा उठतो. कारखान्याच्या गिटारीवर असे होत नाही.

ते फ्रेंच पॉलिश असणार, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख कापडाच्या बोळ्याने असंख्य पातळ थरांत चढवलेली. ही लाख झारखंड-छत्तीसगडमधील पळस, बोर, कुसुम यांसारख्या झाडांवरच्या किड्यांपासून मिळते आणि जगभरच्या क्लासिकल गिटारींवर जाते. तिचा थर अतिशय पातळ असतो, त्यामुळे टॉपवर वजनाचा बोजा पडत नाही. त्याची किंमत म्हणजे ओरखडे, घामाने मंद होणारी चमक आणि अल्कोहोलचे वावडे. सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हाताने अशी गिटार उचलू नये. मुंबईच्या मे महिन्यात उघड्या बाहूने वाजवायची असेल, तर बाहूखाली सुती कापड ठेवावे. कारखान्याचे जाड प्लास्टिकसारखे पॉलिश खराब झाले तर ते बेमालूम दुरुस्त करणे कठीण जाते. लाखेवर मात्र नवा थर जुन्यात विरघळून मिसळतो, म्हणून पाहिजे तेवढ्याच जागी पॉलिश पुन्हा चढवता येते.

गिटार हिवाळ्यात छान होती. पावसाळ्यात तारा उंच झाल्या आणि उन्हाळ्यात फ्रेटची टोके बोटाला टोचू लागली. लाकूड नीट वाळवलेले नव्हते का?

लाकूड कितीही वाळवलेले असो, ते हवेतील ओलावा घेते आणि सोडते. त्याचे आकारमान तंतूंच्या आडव्या दिशेने बदलते, लांबीत जवळजवळ नाही. बहुतेक कारागीर ४० ते ५० टक्के आर्द्रतेत काम करतात. मुंबई-कोकणात जुलैमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, तेव्हा टॉप फुगतो, ब्रिज वर उचलला जातो आणि ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, वाढते. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांतील दुपारी ती ३० टक्क्यांच्या खाली जाते, तेव्हा फ्रेटबोर्ड आक्रसतो आणि धातूच्या फ्रेटची टोके कडेबाहेर येतात. रात्रभर एसी चालणाऱ्या खोलीतही असाच कोरडेपणा येऊ शकतो.

टोके कानशीने घासून देणे हे किरकोळ काम आहे. टॉपला भेग जाणे किरकोळ नाही. म्हणून गिटार पेटीत ठेवावी, पेटीत स्वस्तातला आर्द्रतामापक ठेवावा आणि काटा ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान राखावा. दुसऱ्या हवामानातील कारागिराकडून गिटार मागवताना आपण कोणत्या गावी राहतो हे त्याला आधीच सांगावे.

वाजवून वाजवून पडलेल्या खुणा दुरुस्त कराव्यात का?

लाकूड उघडे पडले असेल तर त्यावर पॉलिश चढवून ते झाकावे, एवढेच. अमेरिकन गायक विली नेल्सनची १९६९ सालची मार्टिन एन-२० ही क्लासिकल गिटार पिकच्या, म्हणजे तारा छेडायच्या नखीच्या, घर्षणाने ब्रिजजवळ आरपार भोक पडूनही वाजत राहिली, याचे कौतुक पुष्कळ होते. त्या भोकाने नाद सुधारला असे मात्र कोणी मानू नये. क्लासिकल गिटारला टॉप वाचवणारे पिकगार्ड नसते आणि ती पिकने वाजवली, एवढाच त्याचा अर्थ. कारखान्यातच घासून जुनी केलेली नवी गिटार जास्त पैसे देऊन घेणे मला अनाकलनीय वाटते.

मग खरा दोष कोणता मानावा?

वाजवण्यात, सुरात किंवा मजबुतीत आडवा येतो तो दोष. नेक, म्हणजे गिटारचा लांब दांडा, पिळलेली असणे, एखादा फ्रेट वर असल्याने तार खणखणणे, ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाचा कपटा सरकणे, टॉपवर बोटाने ठोकल्यावर आतून सुटी पट्टी खुळखुळणे, आणि आरपार भेग. बाराव्या फ्रेटवरील तारांची उंचीही मोजावी. क्लासिकल गिटारीत जाड तारेखाली साधारण ४ आणि बारीक तारेखाली ३ मिलिमीटर, स्टीलच्या गिटारीत साधारण २.५ आणि २ मिलिमीटर असावी. उंची जास्त असून सॅडल खाली घेण्यासही जागा उरली नसेल, तर नेकचा कोन चुकला आहे. हाताचे काम म्हणून तो स्वीकारण्याचे कारण नाही. ‘हाताने केले आहे’ ही सबब चुकलेल्या कोनासाठी वापरणारे कारागीरही असतात.

ब्रिजमागे टॉपला हलकासा फुगवटा असणे मात्र स्वाभाविक आहे.

दिसण्यातील त्रुटींसाठी किंमत कमी मागावी का?

तयार गिटार घेताना मागून पाहायला हरकत नाही. काही कारागीर स्वतःच अशी गिटार कमी किमतीत देतात. आगाऊ पैसे देऊन बनवून घेतली असेल, तर लाकडाच्या नैसर्गिक छटांसाठी घासाघीस करणे योग्य वाटत नाही.

तक्रार कारागिरापुढे कशी मांडावी?

घाई न करता. नवी गिटार नव्या हवेत आली की काही आठवडे तिला स्थिर होऊ द्यावे आणि त्या काळात सॅडल किंवा ट्रस रॉड (नेकचा बाक कमीजास्त करणारी आतली सळई) दुसऱ्या कोणाकडून हलवून घेऊ नये, कारण मग मूळ दोष कोणाचा हे ठरवणे अशक्य होते. त्यानंतर दिवसाच्या उजेडात, तिरप्या प्रकाशात काढलेली छायाचित्रे, त्या दिवशीची आर्द्रता, बाराव्या फ्रेटवरील उंची आणि कोणत्या तारेवर, कोणत्या फ्रेटवर काय होते, एवढे लिहून पाठवावे. ‘आवाज बरोबर येत नाही’ या वाक्यावर त्याला काहीच करता येत नाही. ‘पाचव्या तारेवर दहाव्या फ्रेटला सूर एका सेकंदात विझतो, नवव्या आणि अकराव्याला तसे होत नाही’ एवढे सांगितले, तर तो गिटार हातात घेण्यापूर्वीच आरसा आणि पटाशी काढून ठेवेल.